टीटीत (टेबल टेनिसमध्ये) अटॅक करायचाय? मग बॅट अशी निवडा (आणि कार्बनवरून आधी नजर काढा)

आमच्या हॉलवर दर दोन-तीन महिन्यांनी हा सीन होतोच. कोणीतरी नवीन बॅट घेऊन येतं, सगळे गोळा होतात, जो तो बॉल टपटप आपटून आवाज ऐकतो, "काय पॉवर आहे रे" असं होतं, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस गुपचूप जुनी बॅट काढून खेळत असतो. मीही हे केलंय. पगार झाल्या झाल्या कार्बनवाली बॅट घेतली, दोन्ही बाजूंना मॅक्स जाडीचं कडक रबर, वॉर्मअपमध्ये ड्राइव्ह असे बसत होते की विचारू नका, आणि मॅचमध्ये समोरच्या काकांनी साधा पुश (खालून घासलेला, बॅकस्पिनवाला म्हणजे उलट फिरणारा बॉल) टाकला की माझा टॉपस्पिन (बॉल वरून घासून पुढे फिरवणारा शॉट) एकतर नेटमध्ये नाहीतर डायरेक्ट मागच्या भिंतीवर. काका पासष्टीचे, बॅट बहुतेक माझ्या वयाची.

तर हे सगळं त्यांच्यासाठी ज्यांचा फोरहँड टॉपस्पिन बऱ्यापैकी बसलाय, बॅकहँडने ब्लॉक आणि थोडंफार काउंटर जमतं, आणि पॉइंट स्वतः अटॅक करूनच काढायचा असतो. शेकहँड ग्रिप (हात मिळवल्यासारखी पकड) आणि दोन्हीकडे प्लेन, म्हणजे बाहेरून गुळगुळीत रबर धरून चाललोय. पिंपलचं, म्हणजे बाहेर दाणे असलेल्या रबरचं वेगळं शास्त्र आहे, आपल्या मनिका बत्राचा बॅकहँड बघून लाँग पिंपल लावायचा मोह होतो खरा, पण तो विषय आज नको. आणि हो, बॅटच्या लाकडाला (रबर सोडून उरतं ते) आपण हॉलवर प्लाय म्हणतो, वेबसाइटवर तेच ब्लेड म्हणून शोधायचं.

स्टेप १: आधी चुका मोजा

हे कोणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. एखाद्या मित्राला बसवा, तीन मॅच खेळा आणि त्याला फक्त तुमचे चुकलेले अटॅक लिहायला सांगा, नेटमध्ये गेला की बाहेर गेला, आणि समोरून आलेला बॉल बॅकस्पिनवाला होता की टॉपस्पिनवाला. चार खाने, टिकमार्क, बस. सोबत रिसीव्ह किती वेळा उंच उठला तेही.

बॅकस्पिनवर केलेले टॉपस्पिन नेटमध्ये जास्त जात असतील तर बॉल उचलणारं, थोडं मऊ रबर पाहिजे. ब्लॉक आणि रिसीव्ह बाहेर किंवा उंच जात असतील तर बॅट तुमच्या हातापेक्षा फास्ट आहे, विषय संपला. आणि सगळं टेबलवर पडतंय पण समोरचा आरामात परत करतोय, असं असेल तरच स्पीड वाढवायचा विचार करा. आमच्याकडे दहातल्या आठ जणांचं पहिल्या दोन प्रकारात मोडतं आणि दहाच्या दहा जण तिसऱ्या प्रकारासाठी खरेदी करतात.

स्टेप २: प्लाय

प्लाय नीट निवडली तर पाच-सात वर्षं सहज जाते, रबर मात्र संपणारी वस्तू आहे, म्हणून सुरुवात प्लायपासून.

तीन मुख्य प्रकार समजा. पाच थरांची लाकडी, सात थरांची लाकडी आणि कार्बन किंवा तसलं फायबर घातलेली. नियमाप्रमाणे कार्बन प्लायमध्येसुद्धा जाडीच्या किमान ८५ टक्के लाकूडच लागतं आणि फायबरचा एक थर ०.३५ मिलीमीटरपेक्षा जाड चालत नाही, म्हणजे "कार्बनची बॅट" हा शब्दच थोडा फसवा आहे. पण तेवढ्या पातळ थरानेही फरक पडतो, बॉल लवकर सुटतो आणि स्वीट स्पॉट (जिथे शॉट सगळ्यात चांगला बसतो तो भाग) मोठा होतो. अडचण त्या लवकर सुटण्यातच आहे. टॉपस्पिन मारताना बॉल स्पंजमध्ये (रबरच्या वरच्या थराखालचा थर) रुतून लाकडापर्यंत जातो, क्षणभर धरला जातो, आणि तो क्षण जेवढा जाणवतो तेवढं तुम्हाला कळतं की आपण बॉलला वरून घासलं की मागून ठोकलं. हात अजून शिकत असताना हे कळणं लागतंच.

म्हणून माझं सरळ मत: पाच थरांची, ऑलराउंड-प्लस ते ऑफेन्सिव्ह-मायनस वर्गातली (म्हणजे मध्यम स्पीडची) लाकडी प्लाय घ्या. यासाका स्वीडन एक्स्ट्रा, स्टिगा ऑलराउंड इव्होल्यूशन, थोडी फास्ट हवी तर बटरफ्लायची कोर्बेल. ज्यांना टेबलजवळ उभं राहून ठोकायला आवडतं, ड्राइव्ह आणि स्मॅश जास्त आणि लूप (भरपूर स्पिनचा टॉपस्पिन) कमी, त्यांनी सात थरांची स्टिगा क्लिपर बघावी, जुनी आहे पण अजून भारी आहे, फक्त वजन बघून घ्या.

बाहेरच्या थराचं लाकूड वाचायची सवय लावा. लिंबा असेल तर स्पर्श मऊ, बॉल धरल्यासारखा वाटतो. कोटो असेल तर कडक आणि पटकन. आता तुम्ही विचाराल, बटरफ्लायची व्हिस्कारिया प्लाय तर सगळेच वापरतात. तिच्यात बाहेरचा थर कोटोचा आणि त्याच्या लगेच खाली एएलसी (एरिलेट-कार्बन) फायबर, म्हणजे दोन्ही गोष्टी फास्टच्या बाजूच्या. ज्यांना फायबर घ्यायचंच आहे, मन मानतच नाही, त्यांनी फायबर आतल्या बाजूला, मधल्या लाकडाला चिकटून असलेली प्लाय बघावी, बटरफ्लायच्या इनरफोर्स सिरीजसारखी. हळू मारलं की ती लाकडासारखी वागते आणि जोरात मारलं की मग फायबर बोलायला लागतं.

हँडल फ्लेअर्ड (खाली रुंद होत जाणारं) की स्ट्रेट हे हातात धरूनच ठरतं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फोरहँड-बॅकहँड बदलताना ग्रिप फार फिरवत असाल तर स्ट्रेट एकदा हातात घेऊन बघा.

स्टेप ३: फोरहँडचं रबर

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय आजचे रबर असे का आहेत ते कळत नाही. पूर्वी लोक मॅचच्या आधी स्पीड ग्लू लावायचे, त्याने स्पंज फुगायचा, ताणला जायचा आणि मार्क फाइव्ह किंवा स्रायव्हरसारखं साधं रबरसुद्धा बंदुकीसारखं चालायचं. त्या ग्लूच्या वाफा तब्येतीला वाईट, म्हणून २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकनंतर तो बंद झाला. मग कंपन्यांनी तो ताण फॅक्टरीतच रबरमध्ये भरायला घेतला. बटरफ्लायची टेनर्जी ०५ ही रबर त्याच २००८ मधली. नंतर २०१४ ला प्लास्टिकचा बॉल आला, सेल्युलॉइडपेक्षा किंचित मोठा, स्पिन थोडी कमी झाली, आणि तेव्हापासून रबर अजून पकड वाढवणारे, अजून कडक असे होत गेलेत. म्हणजे आजचं मधल्या किमतीचं रबरसुद्धा आपल्यासारख्यांना पुरून उरतं.

आता कडकपणा. पाकिटावरचे आकडे दोन कंपन्यांचे एकमेकांशी लावायचे नाहीत, इथे सगळे फसतात. कडकपणा मोजायची जर्मनीत बनणाऱ्या रबरची पट्टी वेगळी, बटरफ्लायची वेगळी, चिनी वेगळी. टेनर्जीवर ३६ लिहिलंय म्हणून मऊ समजाल तर चुकाल, जर्मन पट्टीवर ते पंचेचाळीसच्या पुढे जातं. आणि हरिकेन ३ या चिनी रबरवर ३९ किंवा ४० दिसतं, ते तर दगड आहे दगड, जर्मन पट्टीवर पन्नाशीच्या घरातलं.

कडक स्पंज वाईट नसतो, पण तो दबायला हाताचा वेग लागतो. वेग कमी पडला तर बॉल आत रुततच नाही, वरच्यावर घसरतो आणि नेटमध्ये जातो. स्टेप १ मधला पहिला खाना भरलेला असेल तर कारण बहुतेक हेच. मऊ स्पंज कमी वेगातही बॉल धरतो, पण पूर्ण जोर लावला की बॉल लाकडावर आपटल्यासारखा वाटतो, ताकदीला छत लागतं. म्हणून फोरहँडला मधला कडकपणा, जर्मन पट्टीवर ४५ ते ४७.५. यासाका राकझा ७, झिओम व्हेगा प्रो, निट्टाकू फास्टार्क जी-१ (हे यातलं कडक टोक) या रेंजमध्ये बघा. टेनर्जीच्या एका शीटच्या पैशात व्हेगाच्या साधारण दोन येतात, आणि वेळेवर बदललेलं मधलं रबर हे दीड वर्ष ओढलेल्या टेनर्जीपेक्षा कधीही बरं, हे मी पैज लावून सांगेन.

दुसरी गोष्ट बॉल किती उंच सुटतो ही. टेनर्जीतच बघा, ०५ चा बॉल उंच कमानीत जातो, ६४ चा सपाट आणि लांब, ८० मधला. नेट जास्त होत असेल तर उंच सुटणारं, बाहेर जास्त जात असेल तर सपाट, इतकं सोपं ठेवा.

हरिकेन ३ बद्दल वेगळं सांगतो कारण सगळ्यांना चिनी खेळाडूंसारखं खेळायचंय. वरचा थर चिकट, बॅट उलटी धरली तरी बॉल चिकटून लटकतो, सर्व्हिस आणि छोटा पुश अप्रतिम. पण स्पंजची उसळी अगदीच कमी, प्रत्येक शॉटला पाय, कंबर, खांदा सगळं पूर्ण यायला पाहिजे. आठवड्यातून पाच दिवस कोचकडे जाणाऱ्या पोरांनी वापरा. ऑफिसवरून साडेसातला येऊन दोन तास खेळणाऱ्यांनी पाठीची काळजी घ्या.

स्टेप ४: बॅकहँडचं रबर

फोरहँडपेक्षा एक पायरी मऊ, झालं. बॅकहँडला स्विंग छोटा, वेळ कमी, म्हणून रबरनेच थोडी मदत करायला हवी. व्हेगा युरोप मस्त आहे, बटरफ्लायचं रोझेना पण चुका माफ करणारं आहे. दोन्हीकडे एकच रबर लावलं तरी आभाळ कोसळत नाही.

जाडी: फोरहँडला २.० किंवा २.१, बॅकहँडला १.९ ते २.०, ज्या रबरला जे मिळेल ते. मॅक्स घ्यायची घाई नको, स्पंज आणि ग्लू धरून नियमात कमाल ४ मिलीमीटर बसतं आणि मॅक्समुळे वजन वाढतं ते वेगळंच.

स्टेप ५: वजनाचा हिशोब

ऑर्डर द्यायच्या आधी कागदावर करा. प्लाय ८५ ग्रॅम, कापलेलं रबर प्रत्येकी ४५ ते ५०, वर एज टेप (कडेला लावायची पट्टी), म्हणजे बॅट १८० च्या आसपास. १९० च्या पुढे गेलं की तिसऱ्या गेममध्ये मनगट बोलायला लागतं. दुकानदाराला मेसेज करून ८५ च्या आतली प्लाय काढून ठेवायला सांगा, चांगले दुकानदार वजन करून फोटो पाठवतात. टूर्नामेंट खेळायची असेल तर रबरवर आयटीटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा) शिक्का आणि एक बाजू काळी आहे ना हे बघा, दुसरी लाल किंवा आता गुलाबी, निळी, हिरवी, जांभळी पण चालते. आणि टेनर्जी कुठे निम्म्या किमतीत दिसली तर ती टेनर्जी नाही.

स्टेप ६: चिकटवणं

वॉटर-बेस ग्लू घ्या. नवीन प्लायला आधी वॉर्निशचा एकदम पातळ हात मारा, नाहीतर पहिलं रबर काढताना लाकडाचे तुसे उपटून येतात, लिंबाला तर हमखास. मग स्पंजला एक पातळ थर, प्लायला एक, स्पंज फार शोषतोय असं वाटलं तर त्याला दुसरा. पांढरा ग्लू पूर्ण पारदर्शक होईपर्यंत हात लावायचा नाही, घाई केली की मध्ये फुगे येतात. पावसाळ्यात, मुंबई-कोकणात राहत असाल तर यात दुप्पट वेळ जातो, पंख्याखाली ठेवून चहा करून या. हँडलच्या बाजूने सुरू करून रबर न ताणता ठेवत जायचं, वरून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं (घरच्यांना विचारून), बॅट उलटी करून जाड पुस्तकाखाली तासभर, आणि मग धारदार कात्रीने किंवा नव्या कटरने कडेने कापायचं.

स्टेप ७: महिनाभर काही बदलू नका

पहिले चार-पाच दिवस नवीन बॅटवर मत बनवायचं नाही. महिन्याने परत त्याच मित्राला बसवा, तेच चार खाने. आकडे सुधारले नसतील तर एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या तर नक्की कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. पहिल्यांदा बॅकहँडचं रबर, मग फोरहँडचं, प्लाय सगळ्यात शेवटी.

खेळून झालं की ओल्या स्पंजने साध्या पाण्याने पुसा, साबण नको, सुकलं की प्लास्टिकचा कागद लावा. दमट हवेत रबरवर बारीक ओल धरते आणि चिकट रबर तर काचेसारखं सरकतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सुका रुमाल जवळ हवाच. बॅट स्कूटरच्या डिकीत ठेवून ऑफिसला जाऊ नका. मी मे महिन्यात एकदाच ठेवली होती, संध्याकाळी रबरच्या कडा उचललेल्या आणि वरचा थर असा चमकत होता की कोणी तेल लावलंय.

रबर संपलं की नाही हे ओळखायला बॉल आधी हँडलजवळच्या कोपऱ्यात दाबून सरकवा, जिथे कधी शॉट लागत नाही, आणि मग तसाच मध्यभागी. कोपऱ्यात अडतोय आणि मध्ये सर्रकन जातोय असं झालं की नवीन शीट मागवा, आठवड्याला तीन दिवस खेळणाऱ्याचं साधारण सहा-आठ महिन्यांत होतं. आणि मागवताना चार खाने ठीक दिसत असतील तर तेच रबर, तोच रंग, तीच जाडी.