टेक्सासमध्ये ड्रग केसचं प्रोबेशन रद्द झालं तर अपील कसं करायचं

डॅलस-ह्युस्टनकडे आपली बरीच पोरं आहेत म्हणून लिहितोय. तिकडे टीएचसीचं (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) व्हेप कार्ट्रिज सापडलं तर एक ग्रॅमच्या आत असलं तरी फेलनी (गंभीर गुन्हा) लागते (कॅलिफोर्नियात दुकानात मिळतं ना, तिथंच फसतात). पहिल्या केसला बरेचदा प्रोबेशन (जेलऐवजी अटींवर बाहेर राहणं) मिळतं, मग एखादी युरिन टेस्ट फेल जाते, प्रोबेशन ऑफिसर रिपोर्ट करतो, सरकारी वकील मोशन (अर्ज) टाकतो आणि जज प्रोबेशन काढून घेतो.

आधी कॅलेंडर बघा. जजने कोर्टात शिक्षा सुनावली त्या दिवसापासून 30 दिवसांत नोटीस ऑफ अपील गेलीच पाहिजे. साधा कागद असतो, कारणं वगैरे लिहायची नसतात, त्यामुळे भारी वकील शोधण्यात दिवस घालवू नका, आहे त्या वकिलाला सांगा आधी नोटीस टाक, बाकीचं मागून बघू. त्याच 30 दिवसांत मोशन फॉर न्यू ट्रायल (खटला पुन्हा चालवा असा अर्ज) टाकली तर नोटिशीची मुदत 90 दिवस होते. पैसे नसतील तर अपीलसाठीही कोर्ट वकील देतं आणि सुनावणीचं रेकॉर्ड फुकट मिळतं, पण तसं मागावं लागतं. अजून एक, अपीलचा हक्क आहे असं जजच्या सहीचं सर्टिफिकेट फाइलला लागलंय ना बघा, ते नसेल तर अपील तिथंच फेटाळतात.

मूळ ड्रग केसच चुकीची होती हे इथं उकरून काढता येत नाही, प्रोबेशन काढताना जज चुकला का एवढंच बघतात. त्यात पुरावाही ट्रायलसारखा पक्का लागत नाही, घडलं असण्याची शक्यता जास्त वाटली की झालं, आणि पाचातला एक आरोप टिकला तरी ऑर्डर कायम. सुनावणीत एकाही आरोपाला 'ट्रू' (खरं आहे) म्हणून बसला असाल तर पुरावा कमी होता हा मुद्दा गेलाच म्हणून समजा, आणि घाबरलेली पोरं नेमकं तेच करतात. मग काय चालतं? लॅब रिपोर्ट साक्षीदाराशिवाय आत घेतला आणि वकिलाने तेव्हाच ऑब्जेक्शन घेतलं होतं, फक्त फी थकली म्हणून प्रोबेशन काढलं पण खिशात खरंच पैसे नव्हते (अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा बेअर्डन खटल्यातला 1983 चा निकाल), किंवा स्टेट जेल फेलनीला (फेलनीतला सगळ्यात हलका प्रकार) 2 वर्षांच्या वर शिक्षा दिली, असलं काहीतरी.

शिक्षा 10 वर्षांपेक्षा कमी असेल तर अपील चालू असताना बेल मागता येतो, तो मागाच, नाहीतर निकाल येईपर्यंत शिक्षाच भोगून होते. फक्त पोरगा व्हिसावर असेल तर बेल भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा, डिफर्ड ॲडज्युडिकेशनसुद्धा (दोषी न ठरवता दिलेलं प्रोबेशन) इमिग्रेशनवाले कन्व्हिक्शनच (दोषी ठरणं) धरतात आणि जेलच्या दारातूनच उचलून नेऊ शकतात.