मावशीचा एकच रिमोट करून द्यायची तयारी (सोर्स विसरू नका)

कराडला आईकडे टीव्हीचा एक आणि सेट टॉप बॉक्सचा एक असे दोन रिमोट होते, दोन्ही काळे, दोन्ही एवढेच लांब, आवाज कमी करायला जायची आणि चॅनल बदलायचं. म्हणून दिवाळीत 250 रुपयांचा लर्निंग रिमोट (जुन्या रिमोटची बटणं शिकून घेणारा) घेऊन गेलो, अर्ध्या तासात शिकवला, आणि मोठ्या तोऱ्यात पुण्याला परत आलो. चौथ्या दिवशी लाईट गेली, आली, आणि टीव्ही चालू झाला तो एचडीएमआय, म्हणजे बॉक्स जोडलेलं इनपुट, सोडून भलतीकडेच. निळा पडदा, नो सिग्नल. त्याला जागेवर आणायचं सोर्सचं बटण मी नव्या रिमोटला शिकवलंच नव्हतं आणि टीव्हीचा मूळ रिमोट माझ्या बॅगेच्या चोरकप्प्यात, पुण्यात. टीव्हीला खाली एक बटण असतं पण तो भिंतीला इतका चिकटवलाय की आईचा हात पोचेना. कुरियर पोचेपर्यंत आठ दिवस सिरीयल बुडाली आणि रोज आठ वाजता मला फोन.

आता इस्लामपूरच्या मावशीला तसाच हवाय. म्हणून हे आधीच लिहून ठेवतोय.

घेतानाच बटणं मोजा. स्वस्तातल्या बऱ्याच रिमोटवर शिकणारी बटणं चार-पाचच असतात, वरच्या कोपऱ्यात टीव्ही लिहिलेल्या चौकटीत, बाकीची सगळी सेट टॉप बॉक्सची पक्की बसवलेली. ती पक्की बटणं मावशीच्या बॉक्सला चालतात का ते विचारूनच घ्या, बॉक्सचं नाव आणि मॉडेल फोनवर मागवा, जमलं तर जुन्या रिमोटचा फोटो. आणि चौकटीत पॉवर, आवाजाची दोन आणि सोर्स एवढं तरी पाहिजेच. सोर्स नसेल तर दुकानातच परत ठेवा.

त्यातही एक गोम आहे. काही टीव्हींवर सोर्स दाबत राहिलं की यादीत पुढे पुढे सरकतं आणि थांबलं की ते निवडलं जातं, तिथे एक बटण पुरतं. काहींवर मात्र सोर्सने नुसती यादी उघडते, पुढे टीव्हीचेच बाण आणि ओके लागतात, बॉक्सचे बाण तिथे काही कामाचे नाहीत. असा टीव्ही असेल तर आठ-दहा शिकणारी बटणं असलेला रिमोट घ्या, थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. मावशीला फोन करून आत्ताच सोर्स दाबायला सांगा आणि काय होतं ते विचारा. ती म्हणेल काहीच होत नाही, परत दाबायला सांगा.

टीव्हीला इंटरनेटवरचं बघायची स्टिकबिक लावली असेल तर तिचा नाद सोडा. तो रिमोट ब्लूटूथवर बोलतो, लर्निंग रिमोटला फक्त इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, कळतं. एसीचं बटणही शिकवायला जाऊ नका, एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला तापमान, मोड, पंखा सगळं एकदम पाठवतो, म्हणजे तुम्ही 24 वर असताना शिकवलं की ते बटण कायमचं 24.

बारीक पेन्सिल सेल नवे, दोन्ही रिमोटसाठी. जुन्या रिमोटमध्ये मरतुकडे सेल असले की शिकवणी अर्धवट होते आणि आपण नव्या रिमोटला शिव्या घालत बसतो. मूळ रिमोट जिवंत आहे का ते मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघा, बटण दाबलं की टोकाचा दिवा जांभळट लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा, तिथे बहुतेक दिसतं. सोर्सचं बटण दाबून बघा, पॉवरचं नव्हे, कारण पॉवर सगळेच बघतात, आणि वर्षानुवर्षं न दाबलेल्या सोर्सखालचं रबर मेलेलं असू शकतं.

शिकवायला उन्हात बसू नका. मी ओसरीवर बसलो होतो, तीनदा फसलं. मूळ रिमोट साधारण 38 हजार वेळा सेकंदाला लुकलुकतो, नवा त्या लुकलुकण्याची नक्कल उतरवून घेतो, आणि उन्हात तोच न दिसणारा प्रकाश भरपूर असतो. आतल्या खोलीत, सपाट टेबलावर, दोघांची तोंडं समोरासमोर, मध्ये दोन-तीन बोटं अंतर. सेट कसं करायचं ते त्याच्या कागदावर असतं, कागद फेकू नका. बटण दाबून धरायचं नाही, टिचकी मारल्यासारखं दाबायचं. पहिलं बटण सोर्स. मग पॉवर, आवाज, म्यूट.

प्रत्येक बटण लागोपाठ दोनदा दाबून बघा. फिलिप्सच्या आरसी-5 नावाच्या सिग्नल पाठवायच्या पद्धतीत दर नव्या दाबाला कोडातला एक बिट (0 किंवा 1) उलटतो, नकलेत तो गोठलेला असतो, मग दुसरा दाब टीव्हीला पहिलाच धरून ठेवल्यासारखा वाटतो. सोर्स दुसऱ्यांदा हललंच नाही तर इथेच कळेल.

नंतर सेल काढून पाच मिनिटं ठेवा, परत घाला, शिकलेलं टिकलंय का बघा. टिकलं नसेल तर तो रिमोट परत करा.

आता खरी परीक्षा. टीव्ही मुद्दाम दुसऱ्या इनपुटवर न्या, मेन स्विच बंद करून चालू करा, आणि मावशीच्या हातात नवा रिमोट द्या. तुम्ही नाही, मावशीने आणायचा परत. सोर्सवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावा, म्हणजे फोनवर 'लाल ठिपका दाब' एवढंच सांगायला लागेल. आईला मी फोनवर एसओयूआर असं सांगत बसलो होतो, आणि तिने चष्मा शोधण्यात वीस मिनिटं घालवली.

नको त्या बटणांवर चिकटपट्टी. प्लास्टिकचं कव्हर, रबरबँड. जुना रिमोट सेल काढून टीव्हीच्या कपाटात, सेल त्याच्याच शेजारी पुडीत, आणि निघताना बॅगेचा चोरकप्पा उघडून बघा.