हापूसच्या हिशेबासाठी लिब्रेऑफिस : सुरुवात कशी करावी

देवगडच्या बागायतदाराला, मालवणात पर्यटकांना खोल्या देणाऱ्याला किंवा गावच्या देवस्थानच्या खजिनदाराला कॉम्प्युटरवर लागतं काय? पत्र, हिशेबाचा तक्ता, कधीतरी निमंत्रणपत्रिका. एवढ्यासाठी दरवर्षी वर्गणी भरायची गरज नाही, आणि कुणीतरी पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं क्रॅक केलेलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस तर मुळीच वापरू नये. त्यातून व्हायरस येतात. लिब्रेऑफिस म्हणजे पत्रं आणि तक्ते करायचं तसंच सॉफ्टवेअर, पण फुकट आणि कायदेशीरही. २०१० साली ते ओपनऑफिस या तशाच फुकट सॉफ्टवेअरमधून वेगळं झालं. द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था ते सांभाळते. गूगल डॉक्सही चांगलं आहे, पण पावसात रेंज गेली की काम अडतं. म्हणून कोकणात मी आधी लिब्रेऑफिसच सुचवेन.

बसवणं. फाउंडेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. विंडोजची फाईल साधारण साडेतीनशे एमबीची आहे. एकदा उतरवलीत की तीच शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्या, परवान्यात त्याला पूर्ण मुभा आहे. जुनं ऑफिस लगेच काढू नका, दोन्ही एका मशिनवर सुखाने नांदतात.

आधी मराठी नीट करून घ्या. बहुतेक जण इथेच वैतागून सोडून देतात. टूल्स, ऑप्शन्स, मग लँग्वेजेस असा रस्ता धरा. तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) खूण करा आणि भाषा मराठी निवडा. मग त्याच ऑप्शन्समध्ये रायटरखाली (हा पत्रं लिहिण्याचा भाग) ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’ हे पान दिसू लागेल. तिथे मंगल, मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, जो बसवलेला असेल तो ठरवून टाका. हे केलं नाही तर इंग्रजीचा फॉन्ट बदलतो, मराठीचा तसाच राहतो आणि माणूस गोंधळतो. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली पत्रं मात्र युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावी लागतात. तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरं दिसतात, त्यात लिब्रेऑफिसचा दोष नाही.

ऑप्शन्समध्ये आहात तोवर ‘लोड/सेव्ह’खालच्या ‘जनरल’मध्येही जा. ऑटोरिकव्हरी, म्हणजे काम आपोआप राखून ठेवणं, दर १० मिनिटांनी होते, ती ३ वर आणा. लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

पट्टीचा तक्ता. हंगामात वाशीच्या बाजारातून व्यापाऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, येत राहतात आणि मे संपेपर्यंत त्यांचा गठ्ठा होतो. लिब्रेऑफिसमधला तक्त्यांचा भाग, कॅल्क, उघडा आणि पहिल्या ओळीत रकाने लिहा : तारीख, व्यापारी, पेटीचा प्रकार (पाच डझनी, सहा डझनी), पेट्या, पेटीचा भाव, गाडीभाडं, हमाली, हाती आलेली रक्कम. शेवटच्या रकान्यात सूत्र घाला : पेट्या गुणिले भाव, वजा भाडं, वजा हमाली. चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढलात की सूत्र प्रत्येक ओळीला लागतं. आता सूत्राचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळवून पाहा. फरक असेल तर त्याच दिवशी फोन करा, जूनमध्ये विचारून कुणाला काही आठवत नाही.

रक्कम १,२५,००० अशी लाखाच्या स्वल्पविरामांनी दिसायला हवी असेल तर ‘फॉरमॅट सेल्स’मधल्या ‘नंबर्स’ पानावर भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ करा आणि हजाराच्या विभाजकावर खूण करा. ‘व्ह्यू’मधून पहिली ओळ गोठवा, म्हणजे कितीही खाली गेलात तरी रकान्यांची नावं दिसत राहतील. हंगामाच्या शेवटी पिव्होट टेबल (नोंदींची गटवार बेरीज करणारा तक्ता) लावा : ओळींत व्यापारी, बेरजेत हाती आलेली रक्कम. पुढच्या वर्षी माल कुणाकडे पाठवायचा, हे त्यावरून ठरवता येईल. त्यासाठी एवढी टंकनाची मेहनत नक्की घ्यावी.

बाहेर फाईल पाठवताना. स्वतःच्या नोंदी लिब्रेऑफिसच्या मूळ स्वरूपात, म्हणजे ओडीएफ (ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट) मध्ये ठेवा. हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, कोणा एका कंपनीचं नव्हे. पाहुण्याला बुकिंगचं पत्रक किंवा व्यापाऱ्याला हिशेब पाठवायचा असेल तर खिडकीच्या वरच्या बाजूचं पीडीएफचं बटण दाबा आणि तीच फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. ती मोबाईलवर जशीच्या तशी दिसते. समोरच्याला फाईलमध्ये बदल करायचे असतील तेव्हाच ‘सेव्ह अ‍ॅज’ने वर्ड किंवा एक्सेलच्या स्वरूपात द्या. आलेल्या वर्ड फाईलमधल्या ओळी सरकल्या तर बहुधा कॅलिब्री फॉन्ट नसतो. कार्लिटो हा तेवढ्याच मापाचा फुकट फॉन्ट आहे, तो चालतो.

कुठे अडतं? मॅक्रोवर, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालणाऱ्या एक्सेल फायलींपाशी. जीएसटीआर-९ (जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र) चं ऑफलाइन टूल मायक्रोसॉफ्ट एक्सेलच मागतं. अशी फाईल वर्षातून एकदाच लागत असेल तर ती अकाउंटंटकडून भरून घ्या. वरचेवर लागत असेल तर एका मशिनवर एक्सेल राहू द्या आणि बाकीच्यांवर लिब्रेऑफिस बसवा.