सातव्या महिन्यानंतर सायकल: या चुका टाळा

पोट दिसायला लागलं की सायकल चालवणाऱ्या बाईला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. "आता सायकलला हातही लावू नकोस" हा एक, आणि "काही होत नाही, चालवायचीस तशीच चालव" हा दुसरा. गेली बारा वर्षं मी बायकांना सायकल शिकवते, त्यांच्या सायकली त्यांच्या मापाला लावून देते. माझ्या दोन्ही गरोदरपणांत मी आठवा महिना सरेपर्यंत सायकल चालवली. माझ्या मते दोन्ही सल्ले चूक आहेत. तब्येत ठीक असेल तर हळूहळू पेडल मारल्याने बाळाला त्रास होत नाही. धोका पडण्याचा असतो. आणि माझ्यासमोर ज्या ज्या बायका पडल्या, त्यांतल्या जवळजवळ सगळ्या थांबताना, निघताना, चढताना किंवा उतरताना पडल्या.

आधी डॉक्टरांना विचारा. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, पिशवीच्या तोंडाला टाका असेल, हिमोग्लोबिन फार खाली गेलं असेल किंवा मुदतीआधी कळा येण्याची भीती असेल, तर सायकल बंद. त्यात वाद घालू नका.

सीट जुन्याच उंचीवर ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते आणि तिचाच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात. नेहमीच्या सायकलिंगमध्ये सीट उंच ठेवतात. पेडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला की जोर नीट लागतो, म्हणून. पण त्या उंचीवर बसल्या बसल्या जमिनीला टेकतो तो फक्त चवडा. एरवी तेवढं पुरतं. शेवटच्या तीन महिन्यांत पुरत नाही. वजन पुढे आलेलं असतं, सांधे सैल झालेले असतात आणि तोल गेला तर सावरायला पूर्वीइतका वेळ मिळत नाही.

पहिल्या वेळी मला तेहतिसावा आठवडा होता. सिग्नलला थांबले. उजवा पाय टेकायला गेले तर तिथे रस्ता दोन-तीन बोटं खोल होता. चवडा हवेतच राहिला आणि मी सायकलसकट उजव्या कुशीवर गेले. वेग शून्य होता. कोपर सोलवटलं, पोट आपटलं नाही, दुखतही नव्हतं. मी उठले, कपडे झटकले आणि घरी आले. आईला सांगितलं ते तासाभराने, तेही सहज बोलता बोलता. तिने एक शब्दही न बोलता रिक्षा बोलावली.

दवाखान्यात चार तास बाळाचे ठोके यंत्रावर बघत ठेवलं. तिथे डॉक्टरांनी मला समजावलं की पोटावर थेट मार बसला नाही तरी नुसत्या हिसक्याने वार गर्भाशयापासून सुटू शकते, आणि त्याची लक्षणं काही तासांनीही दिसतात. शिवाय माझा रक्तगट निगेटिव्ह. अशा पडण्यानंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचं, म्हणजे आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध उठू नये म्हणून देतात ते, इंजेक्शन घ्यायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. बाळ सुखरूप होतं. पण घरी आरामात बसून घालवलेला तो एक तास मला आजही खुपतो. पडलात तर दुखो वा न दुखो, आधी डॉक्टरांना फोन करा, आणि तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो न विचारता सांगा.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. सातवा महिना लागला की सीट इतकी खाली की बसूनच दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. "ताई, मग जोर लागत नाही," अशी तक्रार येतेच. नकोच आहे जोर. हलका गिअर टाका, चढ आला की उतरून चाला.

हँडल घाईघाईत वर ओढणं

सीट खाली घेतली की गुडघे वर येतात आणि पोटाला लागायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे हँडल वर घेणं. पाठ सरळ झाली की पोटाला जागा मिळते, आणि हातांवरचा भारही कमी होतो. या दिवसांत सुजेमुळे मनगटातली नस दबून बोटांना मुंग्या येतात, त्यांनाही आराम पडतो. गुडघे मात्र थोडे बाहेर ठेवूनच पेडल मारा.

पण हे काम घरात कोणीतरी पाना घेऊन पाच मिनिटांत उरकतं आणि तिथेच घात होतो. जुन्या पद्धतीच्या हँडलच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते. ती बाहेर दिसायला लागली म्हणजे दांडा आत पुरेसा उरला नाही आणि तो निसटू किंवा मोडू शकतो. नव्या पद्धतीचं हँडल तर असं ओढून वर येतच नाही, त्याला वेगळा जोड लावावा लागतो. दुसरी गोष्ट ब्रेकच्या केबलची. माझ्याकडे एक जण आठव्या महिन्यात आली होती, तिच्या नवऱ्याने हँडल हौसेने चांगलं चार बोटं वर घेतलं होतं. मी ते डावीकडे पूर्ण वळवलं तर केबल ताणली जाऊन पुढचा ब्रेक आपोआप लागला. वळणावर हे झालं असतं तर ती सरळ हँडलवरून पुढे गेली असती. हँडल हलवलं की ते दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून चाक मोकळं फिरतंय का ते बघायचं. मी हे दर वेळी करते, दुसऱ्याने केलेलं काम असेल तर दोनदा.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. सीटवर मऊ जेलचं कव्हर चढवू नका. कुल्ल्यांखालची बसायची हाडं त्यात रुततात आणि मधला नाजूक भाग जास्त दाबला जातो. त्यापेक्षा रुंद सीट घ्या, तिचं नाक किंचित खाली करा. पाठीवर सॅक नको, सामान कॅरिअरवर. दांडीवरून पाय टाकायला लागणारी सायकल या महिन्यांत नकोच, खालून पाय घालता येईल अशीच घ्या. जांघेत किंवा ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडात कळ येत असेल तर एका पायावर उभं राहून चढणं त्या दुखण्याला वाढवतं. बूट अडकवायची पेडलं काढून साधी लावा. ओला रस्ता, खडी, अंधार टाळा.

आताच शिकायला घेणं

"व्यायाम हवा म्हणून सायकल शिकते," असं सातव्या महिन्यात म्हणणारी बाई दर वर्षी भेटते. मी नाही म्हणते, आणि वाईटपणा घेते. शिकताना माणूस पडतोच, आणि या तीन महिन्यांत पडून चालत नाही. मग मला तो फोटो दाखवतात. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या मंत्री ज्युली ॲन जेंटर 2018 साली 42 व्या आठवड्यात सायकलवरून बाळंतपणाला गेल्या होत्या. मला त्या बाईंचं मनापासून कौतुक आहे. पण त्या रोज सायकल वापरणाऱ्या होत्या, सायकल विजेवर चालणारी होती, अंतर साधारण एक किलोमीटर आणि रस्ता बराचसा उताराचा. हे सगळं सोडून फक्त फोटो बघितला जातो.

नव्याने सुरुवात करायचीच असेल तर जागेवरची सायकल घ्या. तिच्यावरून तोल जायची भीती नाही, आणि आठवड्याला 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम, जो निरोगी गरोदरपणात सुचवला जातो, तो तिच्यावर छान होतो. रोजची वीस-पंचवीस मिनिटं झाली. पेडल मारताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की वेग कमी करा. पंखा लावा, पाणी हाताशी ठेवा. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ठरावीक अंतराने कळा आल्या, चक्कर आली, छातीत दुखलं, एकाच पोटरीत दुखून सूज आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच क्षणी उतरायचं आणि दवाखान्यात फोन करायचा. उरलेली पाच मिनिटं पूर्ण करत बसायचं नाही.