अमेरिकेतल्या मावशीचं आयुष्य लिहून काढताना

आमची मावशी नागपूरच्या महाल भागातली. लग्नानंतर न्यू जर्सीला गेली अन् तिथलीच झाली. तिचं आयुष्य मी लिहून काढते आहे. तुमच्याही नात्यात अशी कोणी असेल, तर सुरुवात तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यापासून करू नका, तिच्या पत्रांपासून करा.

पत्रं तारखेनं लावा. तारीख नसेल तर पोस्टाचा शिक्का बघा. साठच्या दशकातल्या बऱ्याच फोटोंच्या पांढऱ्या कडेवर महिना-वर्ष छापलेलं सापडतं. मग वहीच्या डाव्या पानावर तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवा अन् उजवं पान कोरं सोडा.

ते भरायचं कसं? मावशी लिहिते, ‘पोरं अंधारात शाळेत जातात, आठ वाजले तरी उजेड नाही.’ पत्र जानेवारी 1974चं. ऑक्टोबर 1973मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं, अन् इंधन वाचवायला सरकारनं 6 जानेवारीला भर थंडीत घड्याळं तासभर पुढे केली. फेब्रुवारीत न्यू जर्सीत पेट्रोलला गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम दिवस आले. मावशीच्या पत्रात लगेच ‘आज आपला नंबर नाही’. उजव्या पानावर यातल्या दोनच ओळी घ्या. जास्त लिहिलं की मावशी दिसेनाशी होते.

उरलेलं फोनवर विचारा. हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसहाला तिच्याकडे सकाळचे आठ असतात. ‘तेव्हा कसं वाटलं?’ विचारलं तर ‘ठीकच होतं बाप्पा’ एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा, वडीसाठी सांबार (म्हणजे कोथिंबीर) कुठून आणत होतीस? पहिला पगार कोणाच्या खात्यात गेला? पगारावर मावशी थांबेचना! एका दुकानानं तिला उधारीचं कार्ड द्यायला काकांची सही मागितली होती. बाई आहे किंवा लग्न झालंय म्हणून उधारी नाकारायला बंदी करणारा कायदा 1974चा, लागू झाला ऑक्टोबर 1975पासून. मावशीला कायदा ठाऊक नव्हता, स्वतःच्या नावाचं कार्ड आलेलं मात्र पक्कं आठवतं.

तारखा जपून लिहा. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा अमेरिकेत 20 जुलै 1969 होती, नागपुरात 21 उजाडली होती. मावशी तेव्हा महालातच, म्हणून वहीत 21.

निक्सनची खुर्ची घालवणारं वॉटरगेट प्रकरण तिच्या एकाही पत्रात नाही, सबब माझ्या वहीतही नाही. परदेशी लोकांना अमेरिकेत स्थायिक होऊ देण्याबाबतचा 1965चा कायदा मात्र ठेवला. त्याआधी भारताचा वार्षिक कोटा जेमतेम शंभराचा होता. तो कायदा नसता तर काका इंजिनिअर असूनही रांगेतच राहिले असते.

लिहून झालं की तिला वाचून दाखवा. पैशाअडक्याचं अन् नवऱ्याचं काय ठेवायचं, काय गाळायचं, ते तिलाच ठरवू द्या.