शेफलेरा पानं गाळतोय? आधी पाणी थांबवा

नवतपा सरून मृगाच्या एक-दोन सरी झाल्या की नागपूरच्या नर्सऱ्यांमध्ये ठरलेली तक्रार येऊ लागते. हॉलमधला शेफलेरा, म्हणजे आपला अम्ब्रेला प्लांट, खालून पिवळा पडला, हात लागला की पानं गळतात, रोज पाणी घालतो तरी सुधारत नाही. बहुतेक वेळा ते रोजचं पाणीच त्याला मारत असतं.

आपल्याकडे घरात दिसतो तो बुटका शेफलेरा मूळचा तैवान आणि हैनानकडचा. दमट हवा, झिरपता उजेड आणि दोन पाण्यांच्या मध्ये थोडी सुकणारी माती, एवढंच त्याला हवं. नागपूरच्या उन्हाळ्यात घरात नेमकं उलटं होतं. बाहेर पारा ४५ च्या वर, म्हणून आपण पडदे ओढतो, कूलर लावतो आणि झाडालाही तहान लागली असेल असं धरून चालतो. पण अंधारलेल्या, कूलरच्या ओलसर हवेतलं झाड पाणी ओढतं कुठे? कुंडी आठ-आठ दिवस ओलीच राहते. त्यात कूलरचा झोत थेट पानांवर येत असेल तर पानगळ आणखी वाढते.

म्हणून पहिला उपाय म्हणजे काही न घालणं. उदबत्तीची जळून उरलेली काडी दोन इंच मातीत खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. ओली माती चिकटून आली तर पाणी बंद. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत तळाला पाणी साचलंय का, तेही बघा; हे कोणी बघत नाही. काडी कोरडी आली, कुंडी उचलायला हलकी लागली आणि पानं लोंबत असतील तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे. काळी माती वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टपात ठेवा आणि मग निथळू द्या.

माती ओली असूनही झाड उतरत चाललं असेल तर कुंडीतून काढायलाच हवं, आणि त्याला जूनअखेर ते जुलै हा उत्तम काळ. मेमध्ये हा उद्योग करू नये. निरोगी मुळं पांढुरकी आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी, वास मारणारी. चिमटीत धरून ओढली की साल निघून हातात नुसता दोरा उरतो. ती सगळी स्वच्छ कात्रीने काढा. बाहेरून येणाऱ्या रोपांच्या मुळांभोवती पुष्कळदा चिकट मातीचा गोळा असतो, तोही पाण्यात भिजवून हलक्या हाताने सोडवा. मग खोडावर नखाने जरा खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी, मऊ भाग हिरवं लागेपर्यंत कापायचा, काप डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या गाठीच्या, जरा वर घ्यायचा. उंच, बोडकी झालेली फांदी अर्ध्यावर आणायला घाबरू नका. पावसाळी हवेत ती खालून फुटते.

मातीसाठी दोन भाग पोयटा किंवा लाल माती, आणि धुतलेली रेती, गांडूळखत, कोकोपीट प्रत्येकी एक भाग. शेतातली काळी माती एकटी वापरू नका. मुळं कापली असतील तर कुंडी मोठी नको, उलट एक माप लहान चालेल. कूज जास्त असेल तर लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक मिसळून मातीत ओता, तेही घराबाहेर आणि हातमोजे घालून. ट्रायकोडर्मा, म्हणजे कूज रोखणारी उपयोगी बुरशी, वापरायचा असेल तर मग हे औषध नको. दोन्ही एकदम दिलं की ट्रायकोडर्मा फुकट जातो.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची. पावसाळ्यात बाल्कनीत ठेवलं तर फारच छान, फक्त वळचणीची धार कुंडीत पडायला नको. पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या जातीला उजेड जास्त लागतो.

एसीच्या खोलीतल्या झाडाची पानं उलटून बघा. बारीक जाळं आणि फिकट ठिपके असतील तर लाल कोळी. मधल्या शिरेवर तपकिरी खवले आणि खाली फरशी चिकट, तर खवले कीड. खवले जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, मग लिटरला ५ मिली कडुनिंब तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. पानं चमकवायला तेल चोळण्याची टूम काही घरांत आहे, ती सोडा.

नवी पालवी दिसेपर्यंत खत अजिबात नको. आजारी मुळांना खत दिलं की उरलेलीही करपतात. पालवी आली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, ऑक्टोबरपर्यंत. पुढे डिसेंबरात पारा दहाच्या खाली जाऊ लागला की कुंडी रात्री उघड्या खिडकीपासून आत घ्या आणि पाणी निम्म्यावर आणा.

या झाडाचा चीक अंगाला खाजतो, आणि मांजर-कुत्र्याने पानं चावली तर तोंड सुजतं, लाळ गळते. छाटलेल्या फांद्या लगेच उचलून टाका.