पावसाळ्यात स्ग्राफिटो शिकणाऱ्यांसाठी

चाकावर भांडे उभे करता येते आणि भाजणीची सर्वसाधारण माहिती आहे, असे धरूनच मी लिहिते आहे. लाल मातीच्या भांड्यावर पांढऱ्या स्लिपचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पातळ मातीचा, थर द्यायचा आणि तो खरवडून खालची माती उघडी करायची, एवढेच स्ग्राफिटोचे तंत्र; कठीण आहे ती खरवडण्याची वेळ ओळखणे.

मला याच एका गोष्टीने सर्वाधिक अडवले, म्हणून ती सविस्तर सांगते. पुस्तकांत दिलेले तास वेंगुर्ल्याच्या जुलैत लागू पडत नाहीत. ओली स्लिप आपले पाणी भांड्याला देते, आधी घट्ट झालेली भिंत पुन्हा मऊ पडते आणि दमट हवेत ते पाणी लवकर बाहेर जात नाही. वरची चकाकी गेली की थर तयार झाला असे वाटते, पण आतली भिंत ओलीच असते. अशा वेळी सुई फिरवली तर रेघेच्या दोन्ही कडांना मातीचा बांध उठतो आणि पाकळीचे टोक ओढले जाते. उशीर झाला तर थराचे टवके उडतात. योग्य वेळी माती हत्याराबरोबर सलग सुटते, चिकटत नाही आणि तिचा चुराही होत नाही. त्यासाठी भांड्याइतक्याच जाडीची, त्याच मातीची एक पट्टी त्याच दिवशी करावी, तिला तीच स्लिप द्यावी आणि पहिली रेघ तिच्यावर ओढावी. काठ पोटाआधी सुकतो, म्हणून त्याच्यावर प्लास्टिक सैल गुंडाळून ठेवावे. हेअर ड्रायरचा उपाय कोणी कितीही आग्रहाने सुचवला तरी तो करू नका. त्याने वर फक्त कोरडी साल धरते आणि ती कोरताना फुटते.

आपल्या किनाऱ्यावरील कावी कलेमुळे या बाबतीत गैरसमज होऊ शकतो. होन्नावरच्या डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी जिची नोंद केली, त्या मंदिरांच्या भिंतींवरील कलेत चुन्याच्या गिलाव्यावरचा लाल थर ओलसर असतानाच कोरतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. भांड्याची माती मात्र नुसती सुकते आणि आक्रसते, त्यामुळे तिथली घाई इथे चालत नाही. कावीतून घ्यायचे ते फुला-वेलींचे नियोजन. नवशिका फूल रेघांनी काढतो. खरे तर ते दोन रंगांच्या क्षेत्रांत विचारात घ्यावे लागते. चीनमधील सोंग काळातल्या (९६०–१२७९) त्सिझोऊ भांड्यांवर पिओनीभोवतीची स्लिप काढून फूल पांढरे राखलेले दिसते आणि पाकळ्यांवर मोजक्याच बारीक रेघा असतात. सोनचाफ्याच्या अरुंद पाकळ्या आरंभी घेऊ नका, कारण दोन रेघा जवळ आल्या की मधली स्लिप निघून येते. रुंद पाकळ्यांचे कमळ घ्या. आराखडा पेन्सिलीने काढायला हरकत नाही, तो भट्टीत जळून जातो.

मार्गदर्शकाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जो तुमच्या हातातले हत्यार घेऊन स्वतःच रेघ सुधारतो, त्याच्यापेक्षा गावातला कुंभार अधिक शिकवतो, कारण तो तुम्हाला माती बोटाने दाबून पाहायला लावतो. आठवडाभर त्याच्याकडे नुसते बसलात तरी वेळ वाया जात नाही.

रेघांच्या कडांना उठलेले कंगोरे ओले असताना बोटाने पुसू नका. भांडे पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने झटका आणि तेव्हा मास्क लावा. ही सिलिकाची धूळ फुप्फुसांना अपाय करते, म्हणून जमीनही झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. हातांचा वेग आपोआप येतो, त्याची काळजी नको. गावच्या भट्टीत भांडे देणार असाल तर एवढे लक्षात ठेवा की धूर कोंडला तर लोहामुळे लाल होणारी माती काळवंडते आणि स्लिपही करडी पडते. कुंभाराला आधीच सांगून भांडे हवा खेळणाऱ्या बाजूला लावून घ्या.